निळे गोल

“खूण करत जा हो, चारू. तारखेच्या खाली, निळ्या पेनानं, बारीक गोल. लाल नको, लाल रंगात सण छापलेले असतात. म्हणजे घोटाळा होत नाही, नि देवापुढं खोटं पडायला नको.”

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा मला या घरात येऊन आठवडाही झाला नव्हता. त्या जाऊन अकरा वर्षं झाली. पण स्वयंपाकघराच्या दाराशेजारी कॅलेंडर आहे, त्याच्या खिळ्याला दोरीनं बांधलेलं ते पेन हातात घेतलं की अजून त्यांचा आवाज येतो. महिन्याचे बाजूला बसायचे चार दिवस, त्यांचे चार गोल. इतकी वर्षं माझे केले. ते थांबायच्या सुमाराला ओवीचे सुरू झाले, आणि त्याच पेनानं मी तिचे करू लागले.

माझे नेम काही फार मोठे नाहीत. पहाटे साडेचारला उठायचं, अंघोळ करून पूजा, मग जपाच्या वहीचं एक पान लिहून होईपर्यंत चहा नाही. सोमवारी एकभुक्त. एवढंच. थेरगावात आमचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. खाली डांगे चौकाकडं जाणाऱ्या गाड्यांचा आवाज सुरू व्हायच्या आत माझं पान लिहून होतं. यजमान श्रीपाद चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत, त्यांच्या शिफ्टा बदलत असतात. माझी पहाट बदलत नाही.

ओवी आमची एकुलती एक. आठशे मीटर धावते. अंगानं आजोबांवर गेलीय, उंच, खांद्यांनी रुंद. बोलते मात्र माझ्यासारखी, हळू. समोरच्याला दोनदा विचारावं लागतं.

सोळावं सरत आलं तरी तिला पाळी आली नव्हती. हे म्हणाले होते, “चारू, एकदा डॉक्टरला दाखवू या.” मी म्हटलं, धावणाऱ्या मुलींना उशिरा येते, तिचे सरच सांगत होते. खरं म्हणजे मी आधीच देवीपुढं बोलून बसले होते, की ओवी शहाणी होईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. नवस बोलल्यावर डॉक्टरकडं जायचं म्हणजे देवीवर भरवसा नाही असं झालं असतं. चैत्र होता तो. मंडईतून भाजी आणताना डांबर असं भाजायचं की मी गाड्यांच्या सावलीसावलीनं चालायची. टाचांना भेगा पडल्या, एकीतून रक्त यायचं. संध्याकाळी ओवी मैदानावरून आली की न बोलता माझ्या टाचांना कोकम तेल लावायची.

ज्येष्ठात एका सकाळी ती पूजेच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. आत न येताच म्हणाली, “आई, मी बाजूला.”

मी रडले. पुरण घातलं. चप्पल घालून देवीची ओटी भरून आले. कॅलेंडरवर चार गोल केले. नेमकं देवीच्याच वारी सुरू झालं म्हणून त्यातल्या पहिल्यावर हलकंसं कुंकूही लावलं.

त्यानंतर तीन वर्षं ती महिन्याचे चार दिवस बाल्कनीकडच्या खोलीत वेगळी बसत आली. वेगळी चटई, वेगळं ताट. एकदा गौरी जेवायच्या दिवशीच तिचा दुसरा दिवस आला. गौरींना साडी नेसवायचं काम लहानपणापासून तिचं. त्या दिवशी ती उंबऱ्याबाहेर बसून मला सांगत होती, “आई, डाव्या खांद्यावरची चुण थोडी वर घे.” मी तिला शिवले नाही. एका राज्य स्पर्धेला ती निघाली तेव्हाही चौथा दिवस होता. ओवाळता येईना, मी लांबूनच हात हलवला. ती जिंकून आली.

गेल्या मार्गशीर्षात तिच्याविरुद्ध ॲथलेटिक्स संघटनेकडं अर्ज गेला.

अर्ज योगिनीच्या वडिलांनी दिला होता. योगिनी ओवीबरोबरच, त्याच मैदानावर तयार झालेली. चार वर्षं दोघी एकत्र धावतायत, चार वर्षं ओवी पहिली, योगिनी दुसरी. परभणीकडची माणसं. वडील चाकणच्या कंपनीची बस चालवतात, राहायला थेरगावातच, दोन गल्ल्या पलीकडं. माझ्या घरी योगिनी कितीदा जेवून गेलीय. साबुदाण्याची खिचडी म्हटलं की पोर हसायची. अर्जात लिहिलं होतं, ओवीनं मुलींच्या गटात धावू नये, तिची तपासणी व्हावी.

ओवीचे प्रशिक्षक दिग्विजय सर घरी आले. चहा तसाच ठेवून म्हणाले, “काकू, टेन्शन घेऊ नका. तपासणी आता तशीही करावीच लागते. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, झालं. रिपोर्ट यायला तीन आठवडे. पण तोवर नॅशनलच्या शिबिरात नाव राहील का, ते समितीच्या हातात आहे. शुक्रवारी बोलावलंय. वैद्यकीय कागद काय असतील ते घेऊन या.”

“कागद कसले? ही कधी आजारीच नाही पडली.”

“मग काय असेल ते. आपली बाजू भक्कम दिसली पाहिजे.”

मी माळ्यावरची तीन वर्षांची कॅलेंडरं काढली. धूळ पुसली. ओवी दारात उभी राहून बघत होती. “आई, ती नको ना नेऊस,” ती म्हणाली. मला वाटलं, लाजतेय.

समितीत तिघं होते, त्यात एक डॉक्टरीणबाई. मी कॅलेंडरं टेबलावर मांडली नि म्हटलं, “हे बघा. माझ्या हातानं केलेल्या खुणा आहेत. मी रोज देवाची पूजा करते, त्याला स्मरून सांगते, एकही गोल खोटा नाही.” असं इतक्या लोकांत इतकं बोलायची माझी पहिलीच वेळ.

डॉक्टरीणबाईंनी एकेक पान उलटलं. बोटानं दिवस मोजत होत्या. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाल्या, “अठ्ठावीस. प्रत्येक वेळी अठ्ठावीसच. इतकं नियमित सहसा नसतं हो कुणाचं.”

“तिचं सगळंच वेळेवर असतं,” मी म्हटलं. मला अभिमान वाटला होता.

ओवी आपल्या बुटांच्या नाड्यांकडं बघत होती.

समितीनं रिपोर्ट येईपर्यंत तिचं नाव ठेवलं. दिग्विजय सरांनी कॅलेंडरांची गोष्ट मैदानावर सगळ्यांना सांगितली. आईनं देवाची शपथ घेतली म्हणजे प्रश्नच मिटला, असं जो तो म्हणू लागला. मुलं योगिनीला चिडवायची. “हरली की अर्ज लिही!” एक दिवस तिच्या वडिलांना सगळ्यांदेखत माफी मागायला लावली. मी त्या दिवशी ओवीचा डबा द्यायला गेले होते. खाकी शर्टातला तो माणूस हात जोडून उभा होता. “चुकलं बाबा आमचं,” तो म्हणत होता. “लेकराची चार वर्षांची मेहनत वाया जाताना बघवंना, म्हनून लिवलं. पोटात पाप न्हवतं आमच्या.” योगिनी मैदानाच्या जाळीपाशी पाठ करून उभी होती. त्यानंतर ती सरावाला आली नाही.

मला तेव्हा बरं वाटलं होतं, हेही लिहायला हवं.

रिपोर्ट आला तो पौषातल्या एका सोमवारी. पुढच्या तपासण्याही झाल्या, सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींनाच आत बसवलं. एरवी मोठ्यानं बोलणाऱ्या त्या बाई त्या दिवशी हळू बोलत होत्या.

“ओवीच्या पेशींत जी खूण असते ना, ती मुलाची आहे. जन्मापासून आहे, कुणाच्या चुकीनं झालेली नाही. शरीर बाहेरून मुलीसारखंच वाढलं. पण आत गर्भाशय नाहीये.”

“असं कसं होईल?” मी म्हटलं. “तुम्ही बघितलीत ना कॅलेंडरं? दर महिन्याला—”

“आई, बास.”

ओवी इतकी हळू म्हणाली की मी विचारलं, “काय?”

“मला कधी आलीच नाही. मी मोजून बसायचे. मोबाइलला अठ्ठाविसाव्या दिवसाचा अलार्म लावलेला होता. तू आणलेले पॅड कोरेच पेपरात गुंडाळून टाकायचे.”

“पण कशाला गं?”

ती माझ्या पायांकडं बघत होती. “तुझ्या टाचेतून रक्त यायचं.”

डॉक्टरीणबाई उठून खिडकीपाशी गेल्या. मी विचारलं, “मग आता ही कोण?”

“तुमची मुलगी,” त्या म्हणाल्या. “ते काही बदललेलं नाही. मी फक्त स्पर्धेच्या गटाबद्दल बोलतेय. मुलींच्या गटातून तिला धावता येणार नाही.”

“पण त्याचा फायदा झाला का तिला? धावताना?”

“काही जणींना होतो, काहींना नाही. हिला नेमका किती, ते मीही नाही सांगू शकत. बाकीच्या मुलींसाठी रेषा कुठंतरी मारावीच लागते. ती हिच्या अलीकडं पडली.”

घरी यायला रिक्षा केली. ओवी बाहेर बघत होती. पूर्वी बस असो रिक्षा असो, ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपायची. मधेच केव्हातरी ते थांबलं होतं. केव्हा, ते मला आठवेना. दीडशेच्या वर दिवस मी तिला शिवले नव्हते. त्यातला एकही दिवस खरा नव्हता, आणि तिनं एकदाही दिवस मागंपुढं केला नव्हता. गौरींच्या वेळी एक दिवस पुढं ढकलला असता तर कुणाला कळलं असतं?

हे पहिल्या शिफ्टहून आले तेव्हा मी सांगितलं. कपडेही न बदलता खुर्चीत बसले. “आमच्याकडं गेज असतो,” म्हणाले. “पीस त्यात बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. पण काही पीस असे येतात की त्यात दोष काय ते कुणालाच सांगता येत नाही. त्यांना आम्ही भंगारात नाही टाकत. पिवळा टॅग लावून रॅकवर ठेवतो.”

“मग पुढं काय करता त्यांचं?”

ते वाकून बुटाची नाडी सोडू लागले.

दिग्विजय सरांनी फोनवर तोड काढली. “काकू, गुडघ्याचं लिगामेंट गेलं म्हणा. चार-सहा महिन्यांत लोक विसरतात. संघटनाही नुसतं ‘वैद्यकीय कारण’ एवढंच लिहिणार आहे. पोरीची अब्रू झाकली जाईल.” ह्यांना ते पटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सोसायटीच्या अध्यक्षांना लिगामेंट सांगूनही टाकलं. जिन्यात बायका विचारू लागल्या, “ओवीचा गुडघा कसाय?” ओवी जिना सरळ उतरत नव्हती. लोकांसमोर एक पाय ओढत उतरायची.

त्या दिवसांत माझ्या जपाच्या वहीची पानं कोरी राहिली. म्हणजे मी बसायची, पेन उघडायची. पण देवाला स्मरून खोटं बोललेल्या हातानं त्याचं नाव लिहायचं कसं? चहा मात्र घ्यायची. तीस वर्षांत पहिल्यांदा. भजनाला गेले नाही, तर मंडळातल्या बायकांनी निरोप पाठवला, गुरुवारी भजन तुमच्याकडं ठेवू का, ओवीच्या गुडघ्यासाठी एकवीस आवर्तनं करू. मी नको म्हटलं. कुणापाशी बोलावं, असं कुणीच नव्हतं. देवघरासमोर बसलं की समईच्या वातीचा तेवढा आवाज. सासूबाईंचाही आवाज येईनासा झाला.

रोज सकाळी दारात दूर्वा नि फुलं घेऊन शालनबाई येतात. थेरगावच्या जुन्या घरातल्या, सत्तरीच्या. त्यांच्या शेतावर आता सोळा मजली इमारत आहे, पण फुलं विकायचं सोडलं नाही. एके दिवशी त्यांनी माझा चेहरा बघितला नि टोपली खाली ठेवली.

“काय गं, देव रुसला का तू रुसली?”

“काही नाही हो.”

“काही न्हाई म्हनून कुनी आठ दिस त्येच फूल वाहतं व्हय? काल दिलेली शेवंती हितं दारातच पडलीया बग.”

मी ओवीचं सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, “शालनबाई, एखाद्या बाईला पाळीच येत नसेल तर?”

“मंग न्हाई येत.” त्या दूर्वांची जुडी बांधत होत्या. “माझ्या थोरल्या आत्तीला न्हवती. लगीन न्हाई केलं तिचं. पर औत हाकायची गड्यासारखं. मळनी तिच्याबिगर व्हायची न्हाई. सनाला मातर तिला कुनी हाळदी-कुकू लावत न्हवतं. अंगनात बसायची येकटी.” थोडं थांबून म्हणाल्या, “मी ल्हान व्हते. मला वाटायचं, जावं नि लावावं. पर कुनी काय म्हनंल म्हनून न्हाई गेले. आता ती बी न्हाई.”

टोपली डोक्यावर घेऊन त्या खाली गेल्या. मी आत आले. ओवी बाल्कनीकडच्या खोलीत चटईवर बसली होती. तसं बसायचं आता काही कारण नव्हतं. सवयीनं बसली असेल. मी देवघरातली कोयरी घेतली, तिच्यासमोर बसले नि तिच्या कपाळाला कुंकू लावलं. मग तिचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं. जड होतं. माझ्यापेक्षा वीतभर उंच मुलगी, अवघडून वाकली होती.

तशीच वाकून ती बोलली. “आई, मी पहिली यायचे ना, त्यातलं माझं किती होतं?”

“सगळं तुझंच.”

“असं नको म्हणूस. तुला माहीत नाहीये. डॉक्टरांनाही माहीत नाही. पहाटे पाचला उठायचे ते माझं होतं. पण शेवटच्या वळणावर योगिनी दमायची नि मी नाही दमायचे, ते कुणाचं होतं?”

मी तिच्या केसांतली गाठ बोटानं सोडवत राहिले. देवाला विचारूनही हे कळलं नसतं.

“मी नाही तर तिचं नाव लागणार. नॅशनलला पाच आठवडे राहिलेत नि ती मैदानावर येत नाही. शेवटचे दोनशे मीटर कच्चे आहेत तिचे. पहिले सहाशे कुणी पुढून ओढलं तर येतात बरोबर.” ती सरळ बसली. आवाजात पूर्वीची ओवी आली. “मी ओढीन. सरावात कोण कुणाबरोबर धावतं, त्याला गट नसतो. रोज साडेपाचला. पहिले सहाशे मी पुढं, मग बाजूला होईन, ती एकटी जाईल.”

“मग सांग की तिला.”

“मी कशी सांगू? गुडघा फाटलाय ना माझा.” ती किंचित हसली. “आणि तिच्या पप्पांनी कशाबद्दल माफी मागितली? ते खोटारडे ठरले ते तुझ्या कॅलेंडरामुळं. शपथ तू घेतली होतीस आई. आधी ते सांगावं लागेल. नुसतं धावायला ये म्हटलं तर ती का येईल?”

“म्हणजे तुझं सगळं सांगायचं?”

“त्या दोघांना. बाकी कुणाला नाही.”

“त्यांनी गावभर केलं तर?”

ओवीनं माझ्याकडं बघितलं. “तर मी जिना सरळ उतरेन. त्यात काय.” पण तिचा हात माझ्या पदराच्या टोकाशी चाळा करत होता, अगदी लहानपणी करायची तसा. मग म्हणाली, “मला धावायचंय आई. यादीत नको. नुसतं धावायचंय कुणाबरोबर तरी. वचन दे, जाशील.”

मी तिच्या हातावर हात ठेवला.

“आणि चप्पल घालून जा,” ती म्हणाली. “माझ्यासाठी परत कधी काही सोडायचं नाही. तेही वचन दे.”

हे जास्त अवघड होतं. आपल्या माणसासाठी काही सोडायचं नाही तर मग त्याच्यासाठी करायचं काय, ते मला आजवर कुणी शिकवलेलं नाही. तरी मी हो म्हटलं.

हे त्या आठवड्यात दुसऱ्या शिफ्टला होते. डबा घेऊन निघताना म्हणाले, “ओवी कुठाय?” मी म्हटलं, झोपलीय. ती झोपली नव्हती. सरावाची वही काढून पाच आठवड्यांचा तक्ता आखत बसली होती. योगिनीसाठी वेगळा रकाना होता, आणि तिच्या वेळा ओवीला तोंडपाठ होत्या. ह्यांना आज सांगितलं तर ते जाऊ देणार नाहीत, हे मला कळत होतं. उद्या सांगेन. लिगामेंट त्यांनी सांगितलंय, ते त्यांनीच फेडावं.

चार वाजता मी तोंड धुतलं, साडी बदलली. योगिनीचे वडील पहिल्या शिफ्टची बस सोडून साडेचारपर्यंत घरी येतात. डब्यात साबुदाण्याची खिचडी भरली. मग काढून ठेवली. खिचडी घेऊन गेलं की ती माणसं आधी आदरातिथ्य करणार, बस म्हणणार, चहा ठेवणार, आणि मग माझ्या तोंडून ते निघणार नाही. हात रिकामे असलेले बरे.

खिळ्यावरचं नवं कॅलेंडर हातात घेतलं. पौषाचं पान कोरं होतं. मागची तीन अजून समितीच्या टेबलावर असतील, किंवा कुठल्या कपाटात. ती परत मागावी लागतील, तेही करीन. पेनाची गाठ सोडली. दोरी खिळ्यालाच राहू दिली. पेन देवघरात जपाच्या वहीवर ठेवलं. आज रात्री नाही, उद्या पहाटे लिहीन. आधी जाऊन येते.

काय बोलायचं ते मनात जुळवून बघितलं. ‘भाऊ, माझी शपथ खोटी होती. मला माहीत नव्हतं, पण खोटी होती. माफी मी मागायची, तुम्ही नाही.’ पुढचं जुळेना. तिथं गेल्यावर काय सुचेल ते.

आतून ओवीचा आवाज आला, नेहमीसारखा हळू. “आई, चप्पल.”

“हो गं.”

दाराशी चपला होत्या. तिनंच पुसून, जोडीनं लावून ठेवलेल्या. मी त्यात पाय घातले. टाचांच्या भेगा भरून आल्यात आता, फक्त एक जुनी खूण राहिलीय. दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागले.